भरून परत आलेल्या बाटल्या

किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात त्या सकाळी तारल्या आल्या, पेडवे आले, थोड्या कुर्ल्या आल्या आणि फेलिसिदाद टीचरचा फोन नंबर आला.

नंबर प्लास्टिकच्या एका बाटलीवर होता. बाटलीचं झाकण समुद्राने नेलं होतं, आतला माल कोणाच्या तरी सोलकढीत केव्हाच संपला होता, पण लेबल जागचं हललं नव्हतं. 'किनारा महिला गट. शुद्ध व नैसर्गिक कोकम आगळ.' लेबल पाण्याने सुटणार नाही असंच घ्यायचं, हा आग्रह टीचरचाच. रापण ओढणाऱ्यांचा म्होरक्या महादू याने ओल्या हातानेच फोन लावला.

'हॅलो, टीचर? तुमची बाटली गावली.'

'खंय?'

'जाळ्यात, तारल्यांबरोबर. काय करू, परत सोडू की आणून देव?'

मागे दोर धरून उभी असलेली माणसं खो खो हसत होती. ते तिला फोनमधून स्वच्छ ऐकू आलं.

'मेल्या, सकाळी सकाळी गजाली कित्याक करतंस?'

'गजाली नाय, टीचर. नंबर लिवलेलो आसा म्हणान फोन केलंय. जाळ्यात बाकी बाटल्ये पण इले, पण तेंका नाव ना गाव. तुमचीच काय ती शिकलेली.'

फेलिसिदादने मिठबावजवळच्या त्या वाडीतल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. दोर धरून हसणारे बहुतेक जण तिच्याच हाताखालून गेलेले. त्यातल्या कोणाला पाढे येत नव्हते हेही तिला आठवत होतं. ती किनाऱ्यावर गेली, बाटली हातात घेतली आणि 'शुद्ध व नैसर्गिक' हे शब्द दोनदा वाचले. घरी येऊन तिने बाटली ओट्यावर ठेवली तेव्हा नवरा टोनी म्हणाला, 'फेलिस, तुझा नाव आता सातासमुद्रापार गेला.' आयुष्यभर बोटीवर कुक म्हणून राबलेल्या माणसाचं समुद्राचं ज्ञान असं वेळी-अवेळी बाहेर येई.

टीचरने त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की आपलं नाव पुन्हा पाण्यावर तरंगताना दिसता कामा नये.

गटाचं काम साधं होतं. पिकलेल्या रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, मीठ लावून जो गर्द लाल रस सुटतो तो आगळ. तो काढायचा, मुरवायचा, बाटल्यांत भरायचा. प्लास्टिकच्या बाटल्या हलक्या, स्वस्त, न फुटणाऱ्या. नेमकी हीच त्यांची खोड. त्या कुठेच संपत नसत.

थोड्याच दिवसांत कणकवलीला बचत गटांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला अक्षया नावाची एका प्रकल्पाची समन्वयक होती. वयाने तरुण, बोलायला चटपटीत. तिने फळ्यावर मोठमोठे शब्द लिहिले. जीवनचक्राचा विचार. पुरेसा वापर. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. सभागृहात पंखे फिरत होते आणि जेवणानंतरची वेळ होती, त्यामुळे पुष्कळ बायकांनी हे शब्द डोळे मिटून ऐकले. टीचर मात्र ताठ बसून होती.

'ज्याने वस्तू बाजारात आणली,' अक्षया सांगत होती, 'ती वापरून झाल्यावर तिचं काय होतं, हे बघण्याची जबाबदारीही त्याचीच. विकली की सुटलो, असं नाही.'

टीचर उठून उभी राहिली. 'म्हणजे उद्या तुमची बाटली जाळ्यात सापडली असा फोन आला, तर तो बरोबर माणसालाच आला म्हणायचा?'

अक्षया जरा गोंधळली. मग म्हणाली, 'हो. अगदी बरोबर माणसाला.'

त्या एका उत्तरावर दोघींची मैत्री झाली. प्रकल्पाने गटाला काचेच्या, रुंद तोंडाच्या बाटल्या दिल्या. अट एकच. बाटली गिऱ्हाइकाकडून परत यायला हवी आणि धुऊन पुन्हा तिच्यात आगळ भरलं जायला हवं. पुढच्या हंगामात समिती येऊन हे डोळ्यांनी बघणार. चक्र पुरं झालेलं दिसलं तर काच चालू राहील आणि बाटल्या धुण्याचं यंत्रही मिळेल. नाही दिसलं तर प्रकल्प काच परत नेणार. गटातल्या बायकांनीही टीचरला एका वर्षाचीच मुदत दिली होती. काच जड, उचलताना कंबर जाते, रिक्षात फुटते. सीता परबने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं होतं, 'टीचर, तुमच्यासाठी एक वर्ष बघतंव. जमला नाय तर आपला प्लास्टिकच बरां.'

बाटली परत यावी म्हणून अनामत घ्या, असं अक्षयाने सुचवलं. सीता भडकलीच.

'शेजारीण वाटी घेवन गेली तर तिच्याकडे कोण अनामत मागता काय? माझी सासू वरसून खाली येतली माका मारूक!'

टीचरला ते पटलं. तिने दुसरा उपाय काढला. रविवारच्या मिसानंतर चर्चमध्ये आणि सप्ताहाच्या वेळी देवळात कर्ण्यावरून तिने स्वतः सांगितलं, 'ही बाटली विकत घेतली असं समजू नका. शेजारच्या घरातून आणलेलं भांडं समजा आणि तसंच परत करा.' शब्द तिने रात्रभर तोलून निवडले होते. लेबलवरही तेच छापलं.

लोकांनी ते अक्षरशः पाळलं.

पहिली बाटली वरच्या वाडीतल्या जानकीने आणली. स्वच्छ घासलेली, आणि गळ्यापर्यंत कैरीच्या लोणच्याने भरलेली.

'गो, ह्या काय?' टीचर म्हणाली.

'मगे रिकामी कशी देव?' जानकीने उलट विचारलं. 'तुमीच सांगलास ना, शेजाऱ्याचा भांडा समजा म्हणान.'

तिने स्वतः तरी कधी कोणाचं भांडं रिकामं परत केलं होतं? या किनाऱ्यावर कोणाच्या घरून डबा आला तर धुऊन त्यात काहीतरी घालूनच तो परत जातो. काही नसेल तर चार आमसुलं, नाहीतर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत पाठवणं म्हणजे उद्यापासून तुमचा आमचा संबंध नाही असं सांगणं. हिंदू घरात तसंच, क्रिस्तांव घरात तसंच. टीचरने आयुष्यभर हे पाळलं होतं आणि म्हणूनच कर्ण्यावर बोलताना तिला ते सुचलं नव्हतं. श्वास घेतो हे कोण आठवून ठेवतं?

त्यानंतर ओघ लागला. मोरांबा आला. कुळथाचं पीठ आलं. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी आली, खोबरेल आलं, तांदळाचं पीठ आलं, मीठ लावलेली कैरी आली, फोडलेले काजूगर आले. टीचरच्या धाकट्या जावेने व्हिनेगरमधलं बांगड्याचं लोणचं पाठवलं. घरोघरचा मालवणी मसाला तर इतका आला की गटाच्या शेडमध्ये पाऊल टाकताच शिंका येत. मुंबईला गेलेल्या बाटल्याही मे महिन्यात चाकरमान्यांबरोबर परत आल्या, त्यांत चिवडा आणि शंकरपाळे. एका गिऱ्हाइकाच्या हातून बाटली फुटली, तर तो काचा कागदात बांधून घेऊन आला. सोबत नारळ.

ते सगळं शेडमधल्या फडताळात जाऊन बसलं, कारण टीचरचा एक नियम होता. गटाकडे आलेली वस्तू गटाची. एकटीने कोणी घरी न्यायची नाही. नियम कडक होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. फडताळ भरलं, मग खिडक्या भरल्या, मग टेबलाखालची जागा. पलीकडे पिंपात यंदाचं आगळ मुरून तयार होतं आणि त्याला घालायला एक बाटली मोकळी नव्हती.

समिती शनिवारी येणार, असा निरोप आला. गुरुवारी अक्षया स्कूटरवरून धापा टाकत पोचली.

'टीचर, बाटल्या परत आल्या का?'

'सगळ्या आल्या.'

'काय सांगता! मग भरायला का नाही घेतल्या?'

'भरलेल्याच आहेत,' टीचर म्हणाली आणि तिने शेडचं दार उघडलं.

अक्षया आत गेली, शिंकली, वर बघितलं, खाली बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. मग तिथल्याच स्टुलावर बसून ती पोट धरून हसायला लागली. हसू ओसरल्यावर तिचा चेहरा उतरला. 'टीचर, सगळीकडे रड असते की वस्तू परत येत नाहीत. इथे येतात, आणि जास्तच येतात. पण समितीला मी काय दाखवू? नव्या बाटल्या आणून भरल्या तर या सगळ्याला अर्थच उरत नाही.'

'नव्या आणायच्या नाहीत,' टीचर म्हणाली. तेवढं तिचं पक्कं होतं.

भिंतीवर शाळेतून आणलेला जुना फळा होता. अक्षयाने सवयीने त्यावर एक मोठा गोल काढला आणि गोलावर लिहीत गेली: रातांबा, आगळ, बाटली, घर, परत, धुणं, भरणं. 'कुठेतरी अडलंय. कुठे ते सापडलं पाहिजे.'

'लोकांकडे अडला,' सीता म्हणाली. 'लेबलावर लिवया, बाटली रिकामी द्या म्हणान.'

'तू देशीत रिकामी?' टीचरने विचारलं.

'माझ्याच्यान होवचां नाय,' सीताने कबूल केलं.

टीचरने अक्षयाच्या हातातला खडू काढून घेतला. पोरांची गणितं तपासताना ती चूक शोधायची तशी गोलावरून बोट फिरवत गेली. घर, बरोबर. परत, बरोबर. 'परत' आणि 'धुणं' यांच्या मध्ये तिचं बोट थांबलं. तिथे तिने फुली मारली. मग तिने फुलीकडे बघितलं आणि फडताळाकडे बघितलं.

'हय अडला,' ती म्हणाली. 'लोकांकडे नाय. माझ्या नियमात.'

'मगे वाटून घेवया?' सीताने आशेने विचारलं.

'वाटलंव तर एकीक काजूगर आणि दुसरीक चिवडो. परवाक गट रवतलो खंय?'

'विकूया.'

'भांड्यातसून इल्लां कोण विकता गो?'

सीताने कपाळावर हात मारला. 'वाटूचां नाय, विकूचां नाय, ठेवूक जागा नाय. करूचां तरी काय?'

'खावया,' टीचर म्हणाली. 'सगळ्यांनी मिळान. ज्या ज्या घरातसून बाटली इली, ता ता घर पंगतीक. शनिवारी सकाळी.'

'शनिवारी समिती येणार आहे!' अक्षया किंचाळली.

'मग तिला उपाशी ठेवायचं काय?'

शनिवारी उजाडताच चर्चमागच्या माडांखाली चुली पेटल्या. देवळातले मोठे टोप आणि चर्चची ताटं शेजारी शेजारी आली. टोनीने बोटीवरचा पांढरा एप्रन घातला आणि तो कप्तान झाल्यासारखा हुकूम सोडायला लागला. तांदूळ महादूने दिला. वर ताज्या बांगड्यांची टोपलीही आणली. बाकी सगळं बाटल्यांतून काढायचं होतं. कुळथाची पिठी शिजायला लागली. सुक्या सुंगटांची किसमूर कालवली गेली. तांदळाच्या पिठाचे घावणे तव्यावर पडू लागले, तव्याला खोबरेल बाटलीतलंच. बाटली उपडी झाली की टीचर ती स्वतः उचलून धुणाऱ्यांकडे देई. तिथे गरम पाणी आणि रिठे तयार होते.

भांडण झालं ते मसाल्यावरून. टोनीने बांगड्याच्या कढीचा टोप चढवला आणि मसाल्याची एक बाटली ओतली, मग दुसरी उचलली.

'थांब रे!' जानकी ओरडली. 'ती माझी! ती परबांच्या मसाल्यात कित्याक मिसळतंस?'

'माझ्या मसाल्याक काय झाला गो?' सीता पदर खोचून पुढे आली.

'झाला काय नाय. धने जास्ती आसत इतक्याच.'

'आणि तुझ्यात? नुसतो रंग!'

मालवणी मसाला ही प्रत्येक घराची वेगळी गोष्ट. सासूकडून सुनेकडे जाते, शेजारणीला कोणी प्रमाण सांगत नाही. सगळ्या घरांचा मसाला एका टोपात, हे आजवर कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. बायकांनी टोपाभोवती कडं केलं. टोनी पळी उगारून मध्ये उभा राहिला.

'बायांनो, बोटीर माझ्या हाताखाली चार देशांचे आचारी होते. थंय भांडाण झाला नाय. आणि आज एका वाडीत होताहा?' एवढं बोलून त्याने दोन्ही बाटल्या एकदम उपड्या केल्या.

मग कढीला उकळी आली आणि वाऱ्याबरोबर तो वास पार बंदरापर्यंत गेला. जानकीने पळीभर रस तळहातावर घेऊन चाखला. पुन्हा घेतला. 'ह्यात माझां तिरफळ लागता,' ती म्हणाली. सीताने चाखलं. 'आणि माझे धने.' मग प्रत्येकीला आपापलं काहीतरी लागू लागलं, आणि उरलेल्या मसाल्याच्या बाटल्या बायकांनी स्वतःहून आणून दिल्या. जे टोपात मावेना ते देवळातल्या मोठ्या बरणीत गेलं, पुढच्या पंगतीसाठी.

समिती आली तेव्हा पंगत रंगात होती. समितीचे प्रमुख जितेंद्रसाहेब निवृत्त इंजिनिअर. इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. त्यांना कोणी काही विचारू देण्याआधीच पाटावर बसवलं. बांगड्याच्या कढीचा पहिला घास घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुमालाने ते टिपून त्यांनी आणखी भात मागितला. तो अक्षयाने धावत आणला.

हात धुऊन ते सरळ टीचरकडे आले. 'बाटल्या परत आल्या, पण पुन्हा भरण्याजोग्या नव्हत्या. असंच ना?'

'कालपर्यंत नव्हत्या,' टीचर म्हणाली. 'त्या बघा.'

उन्हात बांबूच्या माचावर धुतलेल्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या. सीता आणि दोघी-तिघी पिंपाशी नरसाळी घेऊन बसल्या होत्या आणि वाळलेल्या बाटल्यांत लाल रस उतरत होता.

'आणि पुढच्या वर्षी?'

'पुढच्या वर्षीही भरूनच येतील. ही सवय लेबलाने मोडायची नाही, आणि मोडावी असं मला वाटतही नाही. म्हणून भरणीच्या दिवशी दरवर्षी पंगत.'

साहेबांनी थोडा विचार केला. 'म्हणजे पंगत हा कार्यपद्धतीचाच भाग धरायचा?'

'धुण्याआधीची पायरी, सर,' अक्षया घाईने म्हणाली.

साहेब हसले नाहीत, पण मान हलली. ते शेडमध्ये फिरून आले आणि दारात थांबले. फडताळाच्या कोपऱ्यात एक बाटली अजून भरलेली होती. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी.

'यात काय आहे?'

सगळी वाडी माडांच्या शेंड्यांकडे बघू लागली. ती बाटली कोणी परत केली आणि तिच्यात काजूच्या बोंडांचं काय होतं, हे साहेब सोडून सर्वांना ठाऊक होतं.

'औषध, साहेब,' महादू म्हणाला.

'कशावर?'

'कशावरय चालता.'

साहेबांनी झाकण उघडून वास घेतला. झाकण परत लावलं. 'औषधांबाबत समिती मत देत नाही,' ते गंभीरपणे म्हणाले. 'पण ही एक बाटली अजून चक्राबाहेर आहे, एवढं नोंदवावं लागेल.'

'कशाक नोंदवतास,' टोनीने एप्रन सोडला. 'गावाच्या कामाक मी मागे नाय.' महादू आणि रापणीवरची मंडळीही गावाच्या कामाला मागे राहिली नाहीत. थोड्या वेळाने ती बाटलीसुद्धा रिठ्याच्या पाण्यात होती.

निघताना साहेबांनी अक्षयाला सांगितलं, की काच चालू ठेवायची आणि यंत्राची शिफारस ते सोमवारीच करतील. बाटल्या भरायला हात लावणाऱ्या अक्षयाने टीचरला मिठी मारली आणि टीचरच्या पांढऱ्या फ्रॉकवर आगळाचे लाल हात उमटले. सीताने शेवटचं झाकण घट्ट केलं, कंबर धरून उठली आणि टीचरने विचारायच्या आधीच म्हणाली, 'माझ्याकडे बघू नकात. आता परत प्लास्टिक कोणाक होया?'

भरलेले खोके टेम्पोत चढले. संध्याकाळी तळेऱ्याला पोचून ते मुंबईच्या गाडीत जाणार होते. शेड मोकळं झालं. टीचर आत जाऊन फडताळासमोर उभी राहिली. फळी न् फळी रिकामी, पुसलेली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पलीकडची भिंत दिसत होती. तिने फळीवरून हात फिरवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण जेवलोच नाही.

ती माडांखाली आली. पिठी संपली होती. किसमूर संपली होती. लोणची, मोरांबा, चिवडा, काहीच नव्हतं. टोनी कढीचा टोप तिरका करून त्यात डोकं घालून बसला होता.

'माका काय ठेवलंस?'

टोनीने टोपातून डोकं वर काढलं. 'फेलिस, तूच सांगलंस ना सगळां संपव म्हणान.'

टीचर खळखळून हसली. सीताने विझत आलेली चूल फुंकली, भांड्याला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवलं आणि तव्यावर एक शेवटचा, जरा वेडावाकडा घावणा टाकला. टोनीने त्या घावण्याने टोपाच्या कडेचा मसाला पुसून तो टीचरच्या हातावर ठेवला. साऱ्या वाडीचा तिखटपणा त्यात उतरला होता. टीचर माडाला टेकून, नाक ओढत, तो सावकाश खात बसली.